टर्बोचार्जरच्या हवा-प्रवाहावरून एंजिनाच्या अश्वशक्तीचे अनुमान

अंतर्ज्वलन-एंजिनात (सिलिंडराच्या आतच इंधन जाळणाऱ्या एंजिनात) दर मिनिटास किती वस्तुमानाची हवा शिरते, यावरून त्या एंजिनाची कमाल शक्ती अजमावण्याची रीत. एंजिनास टर्बोचार्जर जोडलेला असल्यास त्याच्या संपीडकाची (हवा दाबणाऱ्या पंख्याची) प्रवाह-क्षमता निर्मात्याच्या तक्त्यात दिलेली असते आणि तीवरून हे अनुमान काढले जाते. रीत सोपी असल्याने ती कारखान्यांतून दुरुस्तीच्या गॅरेजांपर्यंत पसरली. मात्र तक्त्यातील आकडा हवा पुरविण्याची क्षमता सांगतो. एंजिन प्रत्यक्षात किती हवा घेईल हे तो सांगत नाही. हा भेद न ओळखल्यामुळे या रीतीचा जितका उपयोग झाला, जवळजवळ तितकाच गैरवापरही झाला.

अश्वशक्ती मोजण्याचा पूर्वेतिहास : जेम्स वॉट यांनी १७८२-८३ च्या सुमारास वाफेच्या एंजिनाची तुलना घोड्यांच्या कामाशी करण्यासाठी अश्वशक्ती हे एकक ठरविले. एका मिनिटात ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ती, ती सु. ७४६ वॉटांबरोबर होते. यूरोपीय देशांनी पुढे दर सेकंदास ७५ किग्रॅ.-मीटर (सु. ७३५.५ वॉट) ही मेट्रिक अश्वशक्ती स्वीकारली. दोहोंत दीड टक्क्याहून कमी फरक आहे. प्रस्तुत लेखातील गणिते मेट्रिक एककात केली आहेत.

एकक ठरले तरी ते मोजावयाचे कसे, हा प्रश्न उरला. फ्रेंच अभियंते गास्पार द प्रॉनी यांनी १८२१ मध्ये एंजिनाच्या फिरत्या दंडाला लाकडी पकडीने रोधून त्याचे परिबल मोजणारा गतिरोधक तयार केला. ‘ब्रेक अश्वशक्ती’ हा शब्दप्रयोग याच साधनावरून रूढ झाला. १८७७ मध्ये विल्यम फ्रूड यांनी पाण्याच्या रोधावर चालणारा शक्तिमापक बनविला, त्यामुळे मोठ्या एंजिनांच्या चाचण्या शक्य झाल्या. शक्तिमापकावरील मोजमाप हाच आजही अंतिम पुरावा मानतात. परंतु त्यासाठी एंजिन चाचणीच्या चौकटीवर चढवावे लागते. ते शक्य नसेल तेथे अनुमानाचा आधार घ्यावा लागतो.

अनुमान कसे फसते याचे बोधप्रद उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. मोटारगाड्यांवर कर बसविण्यासाठी तेथे १९१० पासून पुढील सूत्र वापरात आले : सिलिंडराच्या व्यासाचा (इंचांत) वर्ग करून त्यास सिलिंडरांच्या संख्येने गुणावे व २.५ ने भागावे. त्या काळच्या एंजिनांना हे उत्तर बऱ्यापैकी लागू पडत असे. पण सूत्रात दट्ट्याच्या धावेची लांबी नव्हती, फेऱ्यांची संख्या नव्हती आणि हवेचा तर उल्लेखच नव्हता. साहजिकच कर वाचविण्यासाठी अरुंद व्यासाची आणि लांब धावेची एंजिने बनू लागली. प्रत्यक्ष शक्ती व कागदी अश्वशक्ती यांतील अंतर वाढत गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सोडून द्यावी लागली.

शक्तीचे माप हवा का : इंधन टाकी भरून बरोबर नेता येते व पंपाच्या साहाय्याने हवे तितके सिलिंडरात सोडता येते. हवा मात्र त्या त्या क्षणी बाहेरूनच घ्यावी लागते आणि ती हलकी असल्याने पुष्कळ जागा व्यापते. म्हणून एंजिनाच्या शक्तीवर खरी मर्यादा हवेची असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांनी १९१७ मध्ये दाखवून दिले की, निरनिराळी सेंद्रिय इंधने जाळताना खर्च होणाऱ्या ऑक्सिजनाच्या दर किग्रॅ.मागे निघणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. ती सु. १३.१ मेगॅज्यूल भरते. हवेत वजनाने सु. २३ टक्के ऑक्सिजन असल्यामुळे एक किग्रॅ. हवेतून फार तर ३ मेगॅज्यूल उष्णता मिळू शकते, मग इंधन पेट्रोल असो वा डीझेल. पहिल्या महायुद्धानंतर हॅरी रिकार्डो यांनी इंधनांवर केलेल्या प्रयोगांतही हेच तत्त्व पुढे आले. एंजिनाने किती हवा घेतली हे कळले, की त्याच्याकडून किती कामाची अपेक्षा करावी हेही कळते.

अतिभरणाचा उदय : वातावरणाच्या दाबाने आपोआप शिरेल त्यापेक्षा जास्त हवा सिलिंडरात कोंबण्याच्या क्रियेस अतिभरण म्हणतात. स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी (१८७९–१९५९) यांनी १९०५ मध्ये एका कल्पनेचे पेटंट घेतले. एंजिनातून वाया जाणाऱ्या निष्कास वायूंवर टरबाइन फिरवावे आणि त्याच दंडावरील संपीडकाने एंजिनास हवा पुरवावी, अशी ती कल्पना होती. ती व्यवहारात उतरण्यास वीस वर्षे लागली. १९२६ मध्ये ‘प्रॉइसेन’ व ‘हान्सेश्टाट डांट्सिख’ या जर्मन प्रवासी जहाजांवरील दहा सिलिंडरी डीझेल एंजिनांना ब्यूखी यांची योजना बसविण्यात आली आणि प्रत्येकाची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत गेली.

दरम्यान विमानांच्या क्षेत्रात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला होता. उंचावर हवा विरळ होत असल्याने विमानाचे एंजिन दुबळे पडते. फ्रान्समध्ये ओग्यूस्त रातो यांनी व अमेरिकेत सॅन्फर्ड मॉस यांनी त्यावर टर्बोचार्जरचा उपाय केला. मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक या सु. ४,३०० मी. उंचीच्या शिखरावर लिबर्टी एंजिनाची चाचणी घेतली. सखल प्रदेशात ३५० अश्वशक्ती देणारे हे एंजिन शिखरावर टर्बोचार्जरशिवाय २३० वर उतरले आणि टर्बोचार्जर जोडताच ३५६ वर आले. एंजिन व इंधन तेच होते; बदलली ती फक्त हवा. शक्ती हवेच्या वस्तुमानामागे चालते याचा इतका उघड पुरावा त्यापूर्वी मिळाला नव्हता.

स्वित्झर्लंडमधील सौरर कारखान्याने १९३८ मध्ये मालमोटारीच्या एंजिनास टर्बोचार्जर बसविला. १९५२ मध्ये कमिन्स कंपनीची टर्बोचार्जरयुक्त डीझेल मोटार अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील शर्यतीत सर्वांत वेगवान पात्रता मिळवून पहिल्या स्थानावरून सुटली. परंतु २०० पैकी ७१ फेऱ्यांनंतर तिला बाहेर पडावे लागले, कारण टर्बोचार्जरचे हवा घेण्याचे तोंड धावपट्टीवरील कचऱ्याने तुंबले होते.

संपीडकाचा नकाशा : टर्बोचार्जरचा निर्माता प्रत्येक संपीडकाचा एक आलेख देतो, त्यास संपीडकाचा नकाशा म्हणतात. त्याच्या आडव्या अक्षावर दर मिनिटास वाहणाऱ्या हवेचे वस्तुमान आणि उभ्या अक्षावर दाब गुणोत्तर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या व आत येणाऱ्या हवेच्या दाबांचे गुणोत्तर, असते. आलेखाच्या डाव्या कडेला उसळीची रेषा असते. तिच्या पलीकडे प्रवाह इतका कमी पडतो की हवा उलटी फिरते व संपीडक धापा टाकल्यासारखा आवाज करू लागतो. उजव्या कडेला रोधाची सीमा असते. तेथे पंख्याच्या तोंडातून आणखी हवा जाऊच शकत नाही. या दोहोंमध्ये कार्यक्षमतेची वलये असून सर्वांत आतील वलयात संपीडक हवा कमीत कमी तापवून दाबतो. विक्रीच्या तक्त्यात जो एकच आकडा ठळकपणे छापलेला असतो तो बहुधा उजव्या कडेजवळचा, म्हणजे कमाल प्रवाहाचा असतो.

नकाशावरील प्रवाह एका ठराविक तापमानास व दाबास अनुसरून दिलेला असतो. ही प्रमाण स्थिती सर्व निर्मात्यांची एकच नसते. शिवाय कोणी प्रवाह पौंडांत देतो, कोणी किग्रॅ.मध्ये, तर कोणी घनफुटांत किंवा घन मीटरांत. घनफळात दिलेल्या आकड्याला हवेची घनता कळल्याशिवाय काहीच अर्थ नसतो.

अनुमानाची रीत : पेट्रोल एंजिन पूर्ण भारावर असताना एक भाग पेट्रोलास सु. १२ भाग हवा घेते आणि दर अश्वशक्तीमागे ताशी सु. २३० ग्रॅ. इंधन खाते. म्हणजे एका अश्वशक्तीस ताशी सु. २.७ किग्रॅ. हवा लागते. उलट बाजूने पाहता मिनिटास एक किग्रॅ. हवेमागे सु. २२ अश्वशक्ती मिळतात. पौंडात हिशेब केल्यास हाच आकडा १० येतो आणि ‘एक पौंडास दहा घोडे’ हा जगभरच्या गॅरेजांतील ठोकताळा यातूनच निघाला आहे.

डीझेल एंजिनास हा ठोकताळा लागू पडत नाही. त्यात इंधन व हवा आधीपासून मिसळलेली नसतात. फवारलेल्या इंधनाच्या प्रत्येक थेंबाला पुरेशी हवा मिळावी म्हणून हवा मुद्दाम जास्त ठेवावी लागते, नाही तर काजळी धरते. टर्बोचार्जरयुक्त डीझेल एंजिनात एक भाग इंधनास सु. २४ भाग हवा धरली आणि दर अश्वशक्तीमागे ताशी १६५ ग्रॅ. इंधन धरले, तर एका अश्वशक्तीस ताशी सु. ४ किग्रॅ. हवा लागते. मिनिटास एक किग्रॅ. हवेमागे मग सु. १५ अश्वशक्ती पडतात. एंजिनाची घडण व धुराची मर्यादा यांप्रमाणे हा आकडा थोडा वरखाली होतो.

एंजिन किती हवा घेईल हे त्याच्या मापांवरून काढता येते. चतुर्धाव एंजिनात दट्ट्याच्या दोन फेऱ्यांत एकदा हवा शिरते. म्हणून एंजिनाचे घनफळ, दर मिनिटाच्या फेऱ्यांची निम्मी संख्या, घनफळीय कार्यक्षमता (सिलिंडर प्रत्यक्षात कितपत भरतो त्याचे प्रमाण) आणि आत शिरणाऱ्या हवेची घनता यांचा गुणाकार केला, की दर मिनिटाच्या हवेचे वस्तुमान मिळते.

महाराष्ट्रातील एंजिने : महाराष्ट्रातील सामान्य माणसाची अश्वशक्तीशी ओळख प्रथम विहिरीवरच्या ऑईल एंजिनाने झाली. पुण्यातील खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या एव्ही-१ या एका सिलिंडराच्या एंजिनाचा व्यास ८० मिमी., धाव ११० मिमी. व घनफळ सु. ०.५५ लि. असून ते मिनिटास १,५०० फेऱ्यांवर ५ अश्वशक्ती देते. वरील रीतीने हिशेब केल्यास ते मिनिटास सु. ०.४ किग्रॅ. हवा घेते आणि तीवरून सु. ६ अश्वशक्तीचे अनुमान निघते. पाटीवर ५ लिहिलेले असते, कारण विहिरीवरील एंजिनाला तासन् तास चालावयाचे असते व त्यासाठी काही हवा राखीव ठेवणे शहाणपणाचे असते.

१९६२ मध्ये पुण्यातील कोथरूड येथे किर्लोस्कर-कमिन्स ही कंपनी निघाली (१९९८ पासून कमिन्स इंडिया) आणि मोठ्या डीझेल एंजिनांचे उत्पादन महाराष्ट्रात सुरू झाले. १९६६ मध्ये पुण्यातच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि वाहनांच्या एंजिनांची शक्तिमापकावर चाचणी करून प्रमाणपत्र देण्याची सोय राज्यातच झाली. रेल्वेतही हेच तत्त्व दिसून आले. डब्ल्यूडीएम-२ या जातीच्या सोळा सिलिंडरी डीझेल एंजिनाची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती. पुढे सुधारित टर्बोचार्जर वगैरे फेरफार करून त्याच मूळ एंजिनातून ३,१०० अश्वशक्ती काढण्यात आल्या.

मालमोटारींत टाटांचे ६९७ हे एंजिन सर्वत्र पसरले. त्याच्या नावातच सहा सिलिंडर व ९७ मिमी. व्यास ही मापे आहेत. १२८ मिमी. धाव धरून त्याचे घनफळ ५.६७५ लि. होते. टर्बोचार्जरसह ते १६१३ टीसी या मालमोटारीत बसविले गेले. या क्रमांकातील पहिले दोन अंक सु. १६ टन एकूण वजन व पुढील दोन सु. १३० अश्वशक्ती दर्शवितात. ब्रिटनच्या जुन्या करसूत्रात हीच मापे घातली, तर उत्तर केवळ ३५ अश्वशक्ती येते.

वारंगा फाटा येथील उदाहरण : अनुमान करताना स्थळ व ऋतू यांचे भान का ठेवावे लागते, हे एखादे प्रत्यक्ष ठिकाण घेतल्यास स्पष्ट होते. हिंगोली जिल्ह्याच्या (स्थापना १ मे १९९९) कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा येथे अकोला-वाशिम-हिंगोलीकडून येणारा व नागपूर-यवतमाळ-उमरखेडकडून येणारा असे दोन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येऊन नांदेडकडे जातात. मालमोटारींची येथे मोठी वर्दळ असते. उन्हाळ्यात या भागाचे तापमान ४०° से. च्या वर जाते.

तापमान ४२° से. व समुद्रसपाटीपासून उंची ४०० मी. धरल्यास हवेची घनता दर घन मीटरास सु. १.०७ किग्रॅ. भरते. समुद्रसपाटीवर १५° से. तापमानास ती १.२२५ असते. म्हणजे फाट्यावर उभ्या असलेल्या मालमोटारीला त्याच घनफळात सु. १३ टक्के हवा कमी मिळते. ५.६७५ लि. घनफळाचे एंजिन २,४०० फेऱ्यांवर व ८५ टक्के घनफळीय कार्यक्षमतेने चालत असेल, तर टर्बोचार्जरशिवाय ते येथे मिनिटास सु. ६.२ किग्रॅ. हवा घेईल. टर्बोचार्जरने दाब १.६ पट केला तर हवाही १.६ पट होईल असे वरवर वाटते. तसे घडत नाही, कारण दाबताना हवा तापते. संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा ४२° वरून सु. १०६° से. पर्यंत तापते व घनता केवळ १.३३ पट होते. एंजिनात सु. ८.२ किग्रॅ. हवा शिरते आणि १५ च्या गुणकाने सु. १२३ अश्वशक्तीचे अनुमान निघते. ही हवा दाबण्यास लागणाऱ्या सु. १२ अश्वशक्ती टरबाइन निष्कास वायूंतून मिळविते. इंटरकूलर जोडून हवा ६०° से. पर्यंत थंड केली, तर तीच हवा ९.४ किग्रॅ. व शक्ती सु. १४० अश्वशक्ती होते. दाब मात्र वाढविलेला नसतो.

आता याच एंजिनास कोणी मोठा टर्बोचार्जर बसविला आणि त्याच्या तक्त्यात कमाल प्रवाह मिनिटास १२ किग्रॅ. आहे असे समजू. पेट्रोलचा ठोकताळा लावणारा २६० च्या वर अश्वशक्ती सांगेल. डीझेलचा गुणक जाणणारा १८० सांगेल. तक्त्यातील प्रमाण स्थिती २५° से. व १०० किलोपास्काल असेल, तर फाट्यावरील उष्ण व विरळ हवेत १२ किग्रॅ. चे प्रत्यक्षात सु. ११.३ किग्रॅ. च होतात. आणि दाब गुणोत्तर १.६ च राहिले, तर एंजिन ८.२ किग्रॅ. हून फारशी जास्त हवा घेणारच नाही. उत्तर पुन्हा १२३ च्या आसपास येऊन थांबेल. उलट मोठा पंखा उशिरा वेग धरत असल्याने चढावर ओढ कमी जाणवेल.

गैरवापर व त्याचे परिणाम : आकडा तक्त्यावर मोठा दिसला की तो एंजिनातून काढण्याचा मोह होतो. त्यासाठी बहुधा इंधन पंपाची मर्यादा वाढविली जाते. हवा तितकीच राहून इंधन वाढले, की थोडी शक्ती वाढते खरी. परंतु अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनाचा काळा धूर होतो, इंधनाचा खप वाढतो आणि निष्कास वायूंचे तापमान चढते. डीझेल एंजिनात ते टरबाइनाच्या तोंडाशी सु. ७००° से. च्या पुढे दीर्घकाळ राहिल्यास टरबाइनाची पाती, निष्कास झडपा व दट्ट्यांचे माथे यांस धोका पोहोचतो. उन्हाळ्यात अवजड भार घेऊन लांबचा चढ चढताना हे सर्व एकाच वेळी घडते. एंजिन वाटेत बंद पडले तर नुकसान गाडीमालकाचे होते. धूर मात्र फाट्यावरील हॉटेलवाला, प्रवासी व शाळकरी मुले अशा सर्वांच्या वाट्यास येतो.

म्हणून टर्बोचार्जरच्या प्रवाहाचा आकडा ही वरची मर्यादा समजावी. अपेक्षित शक्तीस लागणारी हवा तो पुरवू शकेल काय, इतकेच त्याला विचारावे. त्यापुढे एंजिनाची मापे, दाब, तापमान व स्थळाची उंची घेऊन हवेचा हिशेब करावा आणि संपीडक नकाशाच्या मधल्या वलयात चालतो की नाही ते पाहावे. अखेरचा निर्णय शक्तिमापकावर सोपवावा.

सद्यःस्थिती : भारतात २००० पासून टप्प्याटप्प्याने उत्सर्जनाचे निर्बंध कडक होत गेले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली. मालमोटारींच्या डीझेल एंजिनांत आता टर्बोचार्जर व इंटरकूलर सर्रास असतात. अनेक एंजिनांत हवेच्या मार्गावर तापलेल्या तारेचा किंवा पटलाचा संवेदक बसवितात. वाहत्या हवेमुळे तो किती थंड होतो यावरून हवेचे वस्तुमान कळते. इतरत्र दाब व तापमान मोजून तोच हिशेब केला जातो. मिळालेल्या हवेच्या प्रमाणातच इंधन सोडण्याचा आदेश एंजिनाचा संगणक देतो. गॅरेजातील कागदावर होणारे अनुमान अशा रीतीने एंजिनाच्या आतच क्षणोक्षणी होऊ लागले आहे आणि हवेहून अधिक इंधन मागणाऱ्यास नकार देण्याचे कामही त्याच यंत्रणेकडे आले आहे.